बाजेएवढी जागा

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मला चौथीच्या पुढचं लिहिता येत नव्हतं, तरी लिहायला बसलेय. हात आता थोडा वळलाय. तो कसा वळला तेही ह्यात येईल. तू जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला काही विचारावं असं फार वेळा वाटलं नाही, खरं सांगते. आपल्या दोघींचं बोलणं म्हणजे तू एक सांगायचीस, मी दुसरंच करायची, आणि मंग दोघी चार दिवस गप्प. पण ह्या उन्हाळ्यात एक गोष्ट अशी झाली की ती बराबर झाली का चूक झाली हे मला अजून कळेना. तुझ्या जावयाला विचारलं तर ते म्हणतात, "झालं ते झालं." हे उत्तर ते लग्न झाल्यापासून देऊन राह्यलेत. म्हणून तुला विचारते. चूक असेल तर त्यात अर्धी तुझी पण आहे.

तुझी नात आता एकतीस वर्षांची आहे. तू असताना ती शेतात मुंग्यांच्या रांगेपाशी तासन्‌तास बसायची आणि तू म्हणायचीस, हिला खालचंच दिसतं. ते खालचं बघणंच तिनं पुढं धंद्याला लावलं. आधी परतूरला शिकली, मंग पुण्याला. लग्न झालं, जावई पुण्यात कॉलेजात शिकवतो, आणि ही टिटव्यांचा अभ्यास करते. टिटव्यांचा, माय. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांची किती घरटी टिकतात, किती जातात आणि कशानं जातात, एवढं शोधायला तिला स्कॉलरशिप मिळते आणि शेवटी नावापुढं डॉक्टर लागतं. मी गावात डॉक्टर म्हणायचंच सोडून दिलं, कारण म्हटलं की बाया गुडघे दाखवायला येतात. दोन उन्हाळ्यांचं काम होतं. त्यासाठी तिनं आपलंच रान निवडलं, गावापासून कालव्यापर्यंतचं, गायरान धरून. मी म्हणाले, "पुण्याकडं टिटव्या मेल्या का?" तर म्हणे, "आई, पुढं बाळंतपण आलंच तर माहेर अन काम एका जागी होईल." मला तेव्हा पोरगी लई हुशार वाटली.

आता माझं ऐक. पहिल्या उन्हाळ्याच्या आधी संक्रांतीला ती घरी आल्ती. हळदी-कुंकवाला बाया आल्या. लग्नाला चार वर्षं झाली, काय हाय का न्हाई, असं एकीनं विचारलं, मंग दुसरीनं विचारलं. तिसरीनं विचारायच्या आत मीच बोलले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तिला पाखरांच्या अंड्यातून सवड मिळाली तर ना. दुसऱ्याची मोजती अन आपलं घर रिकामं." ती वाण लुटत राह्यली, वाटी देताना एकेकीच्या पाया पडत राह्यली. बाया गेल्यावर मला म्हणाली, "आई, मी सगळं आखलंय. दोन उन्हाळे रानातलं काम होऊ दे, मंग नुसतं बसून लिहायचं राहतं. तवा लेकरू झालं तरी चालतं." मी म्हणाले, "लेकरू काय एसटी हाय का, टायमावर यायला." ते बोलणं तुझं होतं, माय. आवाज पण तुझाच होता. पहिला उन्हाळा रानात काढून ती पुण्याला गेली आणि श्रावणात फोन आला. लेकरू वैशाखात येणार, टिटव्यांच्या भर हंगामात. फोनवर ती हसून पण राह्यल्ती अन रडून पण राह्यल्ती, आणि मला त्यातलं फक्त हसलेलं ऐकू आलं. आता वाटतं, मी संक्रांतीला तोंड आवरलं असतं तर ती एक वर्ष थांबली असती. पण मंग ही तुझी पणती झाली नसती, दुसरंच कुणीतरी लेकरू झालं असतं. इथपर्यंत आलं की माझं डोकं चालायचं थांबतं.

सातव्या महिन्यात ती आली, पण माहेरपणाला नाही. रोज उन्हं तापायच्या आत पोट घेऊन रानात. जावई तुझे पाण्याची बाटली घेऊन मागं मागं. जालन्याला दवाखान्यात बाळंत झाली, पोरगी झाली, पाचव्या दिवशी घरी आणली. मी आपलं सगळं बराबर केलं जसं तू माझं केलं होतंस. बाज टाकली, खाली शेगडी ठेवली, ओव्याचा शेक, डिंकाचे लाडू, कानाला फडकं. वैशाखातलं ऊन, वर पंखा फुल, खाली शेगडी, आणि मध्ये ही मांडीवर लॅपटॉप घेऊन. फडक्याच्या आत कानात वायर घातलेली मला दोन दिवसांनी दिसली. पाचवी पुजताना सटवाईपुढं मी कोरा कागद अन पेन ठेवला, तर म्हणाली, "माझी वही पण ठेव तिथं. लिहिणारी येणारच हाय तर माझं पण थोडं लिहून जाईल." मी तिला गप बस म्हणाले, पण हसू आलं.

भांडण झालं आठव्या दिवशी. ती म्हणाली, "आई, मी परवापासून जाते. सकाळी दोन तास."

"सव्वा महिना उंबरा ओलांडायचा न्हाई."

"का?"

"का म्हंजे. न्हाई ओलांडायचा."

"कारण सांग. देवाचं सांग नाहीतर दवाखान्याचं सांग, पण कारण सांग."

"टाके ओले हायत तुझे. अन दूध कोण पाजणार, मी?"

मंग ती रडायला लागली. माझी पोरगी रडत नाही, तुला माहीत आहे, विंचू चावला तेव्हा पण रडली नव्हती. म्हणाली, "दर तीन दिवसाला बघावं लागतं. मधी आठवडा गेला तर कोण गेलं, कशानं गेलं काहीच कळत न्हाई. हा उन्हाळा गेला तर मला दुसरा न्हाई आई. स्कॉलरशिप फाल्गुनात संपती. निम्म्या कामावर कुणी काही देत न्हाई." मी चूल सारवत होते. सारवता सारवताच रागात म्हणाले, "मंग मी जाते." ती म्हणाली, "तू?" असं म्हणाली की मला जास्तच राग आला आणि मंग जाणं भाग पडलं. तुझ्या जावयाला पाठवून उपयोग नव्हता. त्यांना टिटवी बसलेली असली तरी ढेकूळच दिसतं.

सव्वा महिन्याचं मी एवढं धरून बसले, आणि तूच तो मोडला होतास, हे मला तिच्यापुढं बोलता आलं नाही. धाकट्या भावाच्या वेळी मी चौथीत होते. बाळंत होऊन तुला वीस दिवस झाले होते आणि कालव्याचं खोदकाम आपल्या गावापाशी आलं होतं. रोजगार हमीचं काम, आज गेलं नाही तर नाव कटणार. तू पदर खोचलास आणि टोपलं घेऊन गेलीस. धाकट्याला माझ्या कडेवर दिलंस. तो रडला की मी त्याला घेऊन कालव्यावर यायचं, तू टोपलं टाकून बांधाच्या आड बसायचीस, चोळीच्या पुढं ओलं झालेलं असायचं आणि त्यावर माती बसलेली असायची. त्याचं पिणं व्हायच्या आत मुकादम आवाज द्यायचा. परीक्षा दिली मी, पास पण झाले, पण पाचवीला कुणी नाव घातलं नाही. मी विचारलं पण नाही आणि तू सांगितलं पण नाहीस. तुझं काम पण झालं, लेकरू पण वाढलं, लोक म्हणाले बाई मोठी खटपटी. दोन्ही झालं, कारण मधी मी होते. मी तक्रार करून राह्यले असं समजू नको. करूनच राह्यले म्हण.

तर मी जायला लागले. तिनं बाजेवर बसून मला शिकवलं. घरटं म्हणजे काहीच नाही, मातीत जरासा खळगा, त्यात खडे अन शेळीच्या लेंड्या, आणि चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली, मातीच्या रंगाची. घरट्यापासून कालव्याच्या दिशेला दहा पावलांवर एक दगड, त्यावर चुन्यानं नंबर. दगडापाशी उभं राहून बघायचं, अंडी किती, पाखरू बसलंय का. जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. घरटं रिकामं असेल तर खळग्यात कवचाचा चुरा आहे का बघायचं. बारीक चुरा असला तर पिल्लं निघाली. मोठी टरफलं नाहीतर काहीच नसलं तर गेली. मंग कशानं गेली ते लिहायचं, नांगर, कुत्रं, मुंगूस, पोरं, माहीत नाही. वहीत रकाने पाडून दिले तिनं. पहिल्या दिवशी एक ओळ लिहायला मला खाली मातीत बसावं लागलं. पेन धरला की बोटं खुरप्यासारखी वळायची. दुपारी ती वही वाचायची आणि म्हणायची, "आई, 'बसली हाय पण माझ्यावर चिडली हाय' एवढं लिहायची गरज न्हाई." मी म्हणाले, चिडली तर लिहू नको का.

आणि माय, ह्या पन्नास वर्षांत मी रानात रोज टिटवी ऐकली, पण बघितली नव्हती. वर ओरडायला लागली की आपण म्हणायचं, काहीतरी वाईट होणार, आणि खाली बघून खुरपायचं. आता मी बघते तर ती उन्हं वर आली की उठते, कालव्यावर जाते, पोट पाण्यात बुडवून भिजवते आणि तशीच निथळत येऊन अंड्यांवर बसते. गार करायला. ऊब द्यायला नाही, गार करायला. दिवसातून किती वेळा. मी घरी येऊन पोरीला सांगितलं तर ती म्हणाली, हो, हे पुस्तकात हाय. तिच्या पुस्तकात असेल. मला तुझी ती चोळी दिसली आणि त्या दिवशी मला दुपारचं जेवण गेलं नाही.

चूक पुढं आहे. वैशाख संपत आला, पेरणीच्या आधी रानं करून घ्यायची म्हणून सगळीकडं ट्रॅक्टर फिरायला लागले. एका सकाळी बघते तर माझा चुलत दीर ट्रॅक्टरला माती उलथायचा रोटा लावून कापसाच्या पऱ्हाटीच्या रानात उतरलाय आणि त्या रानात आपली चार घरटी. एक घरटं तर मी त्याच सकाळी, नको सांगितलेलं असताना, जवळ जाऊन वाकून बघितलं होतं, अंड्याला बारीक चीर गेली होती, आतून टकटक. मला तू आठवलीस. धाकटा झाला तेव्हा तुला खायला चांगलंचुंगलं काही नव्हतं म्हणून मी माळावरून टिटवीची चार अंडी झग्याच्या ओट्यात घालून आणली होती. तुला उकडून द्यायची म्हणून. तू बाजेवरून उठून माझ्या पाठीत धपाटा घातलास. म्हणालीस, "घरात ओली बाळंतीण अन तू दुसरीचं घर उपसून आणलंस. जशी आणली तशी ठेवून ये." मी भर दुपारी गेले. आल्यावर तुला सांगितलं, ठेवली, टिटवी येऊन बसली पण. ती जागा मला सापडली नव्हती, माय. मी अंडी एका बोरीच्या बुडाशी ठेवली आणि पळत आले.

तर मी ट्रॅक्टरपुढं जाऊन उभी राह्यले. दिरानं बंद केला. "काय झालं वहिनी, लेकराची तब्येत बराबर हाय ना?"

"तिची बराबर हाय. इथं अंडी हायत. तेवढं सोडून चालव."

"कशाची अंडी?"

"टिटवीची."

त्यानं वर बघितलं, टिटवी डोक्यावर बोंबलत होतीच. "वहिनी, तुम्ही कवापासून हिच्या बाजूनं झाल्या?"

"माझ्या घरात ओली बाळंतीण हाय. माझ्या देखत अंडी फोडायची न्हाईत. फोडायची असली तर आधी घरी चल, तिच्या तोंडावर सांग अन मंग फोड."

तो डोकं खाजवत बसला. त्याच्या बायकोचं दुसरं बाळंतपण मीच केलं होतं. "बरं, किती जागा सोडू?"

"बाजेएवढी."

"चार बाजा टाकल्यावर मी पेरू कुठं?"

"बाजेवर कुणी जन्मभर बसत न्हाई. पंधरा दिवसांनी घे पेरून."

त्यानं सोडली. काळं रान सगळं उलथलं आणि मधी चार जागी सुकलेलं गवत बाजेएवढं तसंच. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मंग मी थांबलेच नाही. ट्रॅक्टरचा आवाज आला की वही घेऊन पुढं जायची. भावकीतला असो, दुसऱ्या गल्लीतला असो, मुसलमान गल्लीतले चाचा असोत, ओली बाळंतीण म्हटलं की कुणी पुढं बोलत नव्हतं. चाचा तर म्हणाले, "बिलकुल बेटी, तू फक्त हात कर, मी रोटा उचलतो," आणि त्यांनी दोन बाजेएवढी सोडली. वहीत मी लिहीत गेले, चुरा आहे, चुरा आहे, पिल्लं निघाली. घरी पोरगी वही वाचायची आणि तिचा चेहरा उजळायचा. मागच्या उन्हाळ्यात निम्मी नांगरात गेल्ती आणि ह्या उन्हाळ्यात एकही नाही. मॅडमला, म्हणजे पुण्याला जी तिला शिकवते तिला, फोन करून सांगायची, काहीतरी बदललंय मॅडम, काय बदललंय कळेना. मी शेजारी लेकराला तेल लावत बसलेली. मला वाटलं बघ, हिचं नशीब. ट्रॅक्टर अडवल्याचा वहीत रकाना नव्हता, ते सांगायचं असतं हे मला सुचलंच नाही.

सव्वा महिना झाला. न्हाऊमाखू घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः रानात गेली. लेकरू माझ्यापाशी. तासाभरात परत आली. चपला काढल्या नाहीत, ओसरीच्या कडेला बसली.

"आई, रानात मधी मधी ते काय राह्यलंय?"

"बाजा हायत त्या."

"कुणी सोडायला लावल्या?"

"मी."

"किती?"

"जिथं जिथं ट्रॅक्टर आला तिथं."

ती पाणी प्याली. मला वाटलं आता गळ्यात पडते. मंग एकदम हळू म्हणाली, "आई, मला टिटव्या वाचवायच्या न्हवत्या."

"मंग दोन वर्षं काय करून राह्यलीस?"

"मोजून राह्यले. किती जातात, कशानं जातात."

"अन मोजून?"

"मंग सांगायचं."

"कुणाला?"

"ज्यांच्या हातात नांगर हाय त्यांना."

"मी सांगितलंच की त्यांना."

मला वाटलं मी जिंकले. लेकरू कुरकुरलं, तिनं घेतलं, पाजायला बसली, आणि पाजता पाजता म्हणाली, "तू एका गावात सांगितलंस. घरात बाळंतीण हाय म्हणून त्यांनी ऐकलं. पुढच्या साली कुठून आणायची बाळंतीण?" मी म्हणाले, "तू हात लावू नको म्हणालीस. मी अंड्याला बोट लावलं नाही." तर म्हणाली, "हो. ट्रॅक्टरला हात लावू नको म्हणायचं राह्यलं माझं." चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती स्वतःचीच चूक सांगावी तसं म्हणाली.

मॅडमचा फोन तिनं मोठ्या आवाजावर ठेवला. मॅडम म्हणाली, "आईंना विचार, कुठली कुठली ते आठवतं का." मला सगळी आठवत होती, माय, कारण एकेकासाठी भांडले होते. कुठलं रान, कोण ट्रॅक्टरवर, काय बोलला, मी काय बोलले. मी सांगत गेले, ती त्या नंबरावर फुली मारत गेली. पान भरून फुल्या. मॅडम म्हणाली, "ही घरटी हिशोबातून बाजूला काढावी लागतील. उरलं ते कमी पडतंय. अजून एक उन्हाळा लागेल, दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही." मंग म्हणाली, "आईंना ओरडू नकोस." पोरगी म्हणाली, "ओरडून काय फायदा मॅडम, त्या ऐकतात कुठं." तिथं दोघी थोड्या हसल्या. मी नाही हसले. मी उठून न्हाणीपाशी पाण्याच्या चुलीकडं गेले.

तेव्हापासून मला हा हिशोब लागेना. वाचवलं ते बिघडवलं कसं. पिल्लं तर खरोखर निघाली, मी डोळ्यांनी बघितली, अंड्यातून निघाली की अंग वाळेपर्यंत दम खातात आणि चालायला लागतात, सव्वा महिना नाही की काही नाही. ती पिल्लं त्या वहीत फुलीखाली गेली. पोरीला मी एका टिटवीएवढं तरी मोजलं का, असं पण वाटतं. मी तिला उंबऱ्याच्या आत ठेवली नसती, तर ती टाक्यांसकट गेली असती, तिनं नांगर चालू दिला असता, वहीत बराबर लिहिलं असतं, आणि आज तिचं काम झालं असतं. मंग तिचं अंग कायमचं दुखत राह्यलं असतं तर ते पण माझ्याच माथी. तू मला धपाटा घातलास ते बराबर होतं, वीस दिवसांनी टोपलं उचललंस ते पण बराबर होतं, मंग मी दोन्ही कसं करायचं होतं? तू असतीस तर म्हणाली असतीस, तोंड बंद ठेवायचं होतं. तू कवा ठेवलंस?

पुण्याला जायच्या दिवशी घनसावंगीच्या स्टँडवर आम्ही बसची वाट बघत होतो. तुझे जावई बिस्किटं आणायला गेल्ते. लेकरू तिच्या खांद्यावर झोपलेलं. ती म्हणाली, "आई, सोडून देऊ का गं हे सगळं? एखाद्या शाळेत लागते. लेकरू पण बघता येईल." ह्याच्यासाठी मी किती वर्षं नवस केला असता. मी म्हणू शकले असते, दे सोडून. तोंड उघडलं, पण त्या माळावरची ती पोट भिजवून येणारी डोळ्यापुढं आली आणि तू पण आलीस, टोपलं घेऊन, आणि कडेवर धाकटा घेतलेली मी पण. मला कुणाच्या बाजूनं बोलावं तेच कळेना. मी म्हणाले, "बस लागली, चढ आधी." एवढंच दिलं मी तिला, तिनं एवढं विचारल्यावर.

दिवाळीत तिचा फोन आला. चैत्रात येणार म्हणाली. स्कॉलरशिप संपलेली असेल तरी येणार, जावई म्हणाला ये जाऊन, बघू पुढचं. लेकरू तोवर रांगत असेल. म्हणाली, "आई, सकाळचे तीन तास तुला तिला सांभाळावं लागेल. जमेल का? खरं सांग. आणि रानात यायचं न्हाई." तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, माय. धाकट्याला नुसतं कडेवर दिलं होतं. हिनं विचारलं. आवाजात धाकधूक होती तिच्या, मी नाही म्हणेन अशी. मी म्हणाले, "जमायला काय, मला काय आता शाळा सोडायचीय." ती हसली. ती तुला ओळखत होती, पण माझी शाळा कशी सुटली हे तिला माहीत नाही.

वही ती घेऊन गेली. मागची कोरी पानं मी आधीच फाडून ठेवली होती, त्यावर हे लिहिलं. हे कुठं टाकायचं नाही, टाकायला तुझा पत्ता नाही, आणि घरात उघड्यावर ठेवायचं नाही, चैत्रात तिच्या हाताला लागेल. तिला वाचता येतं. एक गोष्ट राह्यली, ती सांगते आणि पेन ठेवते. मी बिघडवून राह्यले हे मला माहीत नव्हतं, देवाशपथ. पण मॅडम फोनवर अजून एक उन्हाळा लागेल म्हणाली, आणि माझ्या पोरीनं दोन्ही हातांत तोंड घेतलं, तेव्हा मी पाण्याच्या चुलीपाशी जाऊन फुंकणी घेतली आणि बराच वेळ फुंकत बसले. जाळ चांगला लागलेला होता. पुढच्या उन्हाळ्यात ती लेकराला घेऊन परत येणार एवढंच माझ्या कानात शिरलं होतं. मला बरं वाटलं होतं आणि ते तोंडावर दिसलं असतं.